गोळी खाली का गेली

नागपूरच्या एका हत्यारविक्याने मला फसवलं आणि मी तुला फसवलं. पहिली गोष्ट मी राळेगावच्या बाजारात, यवतमाळच्या कचेरीबाहेर, एस.टी.च्या मोटारीत, जिथे माणूस भेटला तिथे सांगत आलो. दुसरी आजवर कुठे छापून सांगितली नाही. ती तुलाच सांगायची आहे, मारोती, कारण हातात हत्यार धरून तपासलेल्या माणसाशिवाय ती कुणाला पुरती कळणार नाही.

तुला जाऊन महिना होत आला. दुकानाला कुलूप आहे. परवा एक म्हातारी शिवणयंत्राचं चाक पदरात गुंडाळून पायरीवर बसली होती. मी म्हटलं, मिस्त्री गेला. ती म्हणाली, "मंग येतो म्हना दुपारून." मी तिच्यावर ओरडलो. मग चाक घेऊन यवतमाळला पाठवलं आणि दुरुस्त करून आणून दिलं. दुरुस्ती बरोबर झालेली नाही. यंत्र आवाज करतं.

आपली ओळख कशी झाली ते लोकांना वाटतं तसं सरळ नव्हतं. तू फौजेतून परत आलास तेव्हा मी गुरांच्या बाजारात उभा राहत होतो. आमच्या तांड्यातली माणसं आजोबांपर्यंत बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत हिंडली. मी ओझं सोडलं आणि बैलच विकू लागलो, पुढे कापसात शिरलो. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर शेला टाकायचा, आत एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा, आणि पटलं की पूर्ण पंजा एकदम आवळायचा. पंजा आवळला की सौदा पक्का. तू इतकी वर्षं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रायफली दुरुस्त करत होतास, ही बोटं विसरला होतास. वैद्याला नाडी दाखवावी तसा हात माझ्या हातात देऊन बसलास. मी तुला असा बैल दिला की जो नांगराला जुंपला की खाली बसायचा.

आठव्या दिवशी तू बैल घेऊन आलास. मला वाटलं, आता भांडण. तू म्हणालास, "नायक, बैल चांगला हाय. बसते बी चांगला. मले उभा राह्यनारा पाह्यजे होता."

मी नायक नव्हतो. तांड्याचा नायक वेगळा होता. पण त्या दिवसापासून तू मला तेच म्हणत आलास, आणि मी चिडलो की जास्तच. तो बैल मी बदलून दिला. आयुष्यात दुसऱ्या कुणाला मी माल बदलून दिलेला नाही. तू भांडला असतास तर तुलाही दिला नसता.

मग ते हत्यार. राज्य बदललं, आपला जिल्हा मुंबईला जोडला गेला, त्याच सुमारास मला परवाना मिळाला. कापसाच्या हंगामात मी रोकड घेऊन बाभुळगाव ते राळेगाव एकटा फिरायचो, कधी सायकलवर, कधी बैलांच्या बंडीत. नागपूरच्या दुकानातून एक विलायती रिव्हॉल्व्हर घेतलं, वापरलेलं, पण चोख. दुकानदार हिंदीतून गोड बोलायचा. मी काडतुसांबद्दल तीन वेळा विचारलं. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "फौज में यही चलती है, सेठजी." मी घासाघीस करून किंमत उतरवली आणि जिंकल्यासारखा घरी आलो. माझ्या याडीने, म्हणजे आईने, हत्याराकडे पाहिलं आणि त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

नाल्याच्या काठी मातीच्या दरडीवर कोळशाने गोल काढला आणि वीस पावलांवरून सहा गोळ्या झाडल्या. एकही गोलात नाही. सगळ्या खाली, वीतभर खाली. मी तसाच तुझ्या दुकानात आलो आणि हत्यार टेबलावर आपटलं. तू आधी ते उघडून रिकामं आहे का ते पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस.

"कायले आपटतं बे? त्यानं काय केलं तुयं?"

"फसवलं मले त्या चोरानं. नळी वाकडी हाय."

"नळी वाकडी हाय का तू वाकडा हाय, पाहू न. आधी गोळी कुठं पडली ते पाहाचं असते, मंग शिव्या द्याच्या."

हत्यारं दुरुस्त करण्याचा परवाना तुझ्या नावावर होता, म्हणून चाचणी घेण्याचा तुला हक्क होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण नाल्यावर गेलो. तू वाळूने भरलेली पिशवी आणली होतीस. मला म्हणालास, पाठ फिरव. तू काडतुसं भरलीस आणि हत्यार माझ्या हातात दिलंस. पहिली गोळी उडाली, खाली. दुसरी उडाली, खाली. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसता कट्ट आवाज झाला आणि नळीचं तोंड माझ्याच डोळ्यांसमोर जमिनीकडे झुकलं, भुकेला बैल गवताकडे मान घालतो तसं. तू मधल्या घरात डागलेली रिकामी पुंगळी भरली होतीस. धक्का बसणारच नव्हता, तरी माझा हात आधीच खाली गेला होता.

मी म्हणालो, हा डाव आहे. तू पुन्हा भरलंस. पुन्हा रिकाम्या घरावर हात खाली गेला. मग तू माझ्या मुठीवर आपला हात ठेवलास आणि म्हणालास, चाप ओढ. मी ओढला. तू हसत सुटलास.

"अरे, तू चाप ओढून नाही राह्यला, नायक! तू सौदा पक्का करून राह्यला! पाचही बोटं आवळतं. चाप ओढाले एक बोट लागते, बाकीच्याहिनं गपचिप धरून ठेवाचं असते. हे काही बैलाचं गिऱ्हाईक नाही."

खरं होतं ते. वीस वर्षं शेल्याखाली ज्या क्षणी निर्णय होतो त्या क्षणी मी पंजा आवळत आलो होतो. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. करंगळी घट्ट होते, नळी खाली दबते. मी इतका संतापलो की तुला त्या जागी सोडून एकटाच गावात परतलो.

संध्याकाळी तू घरी आलास, वर आणखी एक शिक्षा घेऊन. नवे पैसे तेव्हा नुकतेच निघाले होते. हत्यार रिकामं करून नळीवर एक नवा पैसा ठेवायचा आणि चाप ओढायचा. पैसा पडला नाही पाहिजे. रोज पन्नास वेळा. मी पंधरा दिवस केलं. पैसा पडायचा, मी उचलायचो, शिवी द्यायचो, पुन्हा ठेवायचो. शेवटी शेवटी दहातून तीनदा टिकू लागला. गोळी वीतभर खाली जायची ती सहा-सात बोटांवर आली. तू दुकानात येईल त्याला सांगायचास, "नायक पैसा जमिनीवर पडू देते अन् उचलते बी, पाह्यलं का कधी?"

पण तू तिथे थांबणारा नव्हतास. वाळूच्या पिशवीवर टेकवून तू स्वतः सहा गोळ्या झाडल्यास. तुझा हात दगडासारखा होता. तुझ्याही गोळ्या खाली लागल्या, वीस पावलांवर चार बोटं, सहाच्या सहा एकमेकींना चिकटून. तू कपाळाला आठ्या घालून बराच वेळ दरडीसमोर उकिडवा बसलास. मग म्हणालास, हे वेगळं आहे.

दोन दिवसांनी तू मला सोनाराकडे घेऊन गेलास. माझ्या एका काडतुसातली गोळी तू काढून आणली होतीस. दुसऱ्या पारड्यात तू आघाडीवरून आणलेली त्याच जातीच्या हत्याराची जुनी फौजी गोळी टाकलीस. काटा झुकला. माझी गोळी जवळजवळ पाव हिस्सा हलकी होती.

"पाह्य. जड गोळी नळीतून निंगाले येळ लावते. तेवढ्यात धक्क्यानं हात वर उचलला जाते. नळीच्या टोकावरची नेम धराची माशी त्या हिशोबानं बसवली हाय. हलकी गोळी हात उचलाच्या आधीच निंगून जाते, मंग खाली नाही जाईन तं कुठं जाईन? फौजेत हे काडतूस चालत नव्हतं. तुले खोटं सांगतलं."

मारोती, त्या दिवशी सोनाराच्या ओट्यावर मला किती आनंद झाला ते तुला दिसलं असेल, कारण तुझा चेहरा उतरला. मला चोर सापडला होता. घरी गेलो आणि नळीवरचा नवा पैसा काढून खिशात टाकला. परत ठेवला नाही. तू दोन दोष काढले होतेस, मी माझ्या सोयीचा एक उचलला. मी तुला फसवायला तिथून सुरुवात केली. पुढे मी तुला म्हणायचो, रोज करतो सराव, आणि तू मान हलवायचास. तुला ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर आपलं ते भांडण, जे संपलंच नाही. तुझं म्हणणं, जड काडतुसं आपल्याला मिळणार नाहीत, तेव्हा माशीला कानस लावू, केसाएवढी खाली आली की गोळी वर येईल, अर्ध्या तासाचं काम. माझं म्हणणं, कानस लावायची नाही. कानस लागली की दुकानदार म्हणणार, तुम्हीच माल बिघडवला. मला ते हत्यार जसंच्या तसं त्याच्या टेबलावर ठेवून बदलून घ्यायचं होतं. मी तीनदा नागपूरला गेलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "सेठजी, आपका हाथ कच्चा है." मी त्याच्या दुकानात खुर्ची उचलली. लोकांनी धरलं म्हणून तो वाचला. परत येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालास, "खरं बोलला न तो. अर्धं." मी आठ दिवस तुझ्या दुकानाची पायरी चढलो नाही. नवव्या दिवशी तू आमच्या घरी भाकर खायला येऊन बसलास, जसं काही झालंच नाही.

अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत तू मला घड्याळ उघडायला शिकवलंस, माझ्या सायकलीला मागचा दिवा बसवून दिलास, माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाला दिवे टांगायला दोन दिवस शिडीवर उभा राहिलास. मी कधी आभार मानले नाहीत. बाजारात आभार मानले की समोरचा भाव वाढवतो. ती सवय मी तुझ्याशीही सोडली नाही, आणि तू तर कधी भाव सांगितलाच नव्हतास.

कार्तिक संपत आला होता. तुझ्या शेतातल्या उभ्या ज्वारीत कुणाच्या तरी भाल्याने जखमी झालेलं रानडुक्कर येऊन पडलं. कापणीच्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, विळे घेऊन बसून राहिल्या, आत जाईनात. बारा बोअरची बंदूक असलेले पाटील यवतमाळला तारखेला गेले होते. तू सकाळी दहाच्या सुमारास माझ्याकडे आलास. "चाल, तुयं हत्यार घे. अर्धमेलं हाय, पन उद्या एखाद्या बाईले फाडन." डुकरावर रिव्हॉल्व्हर चालवू नये हे तूच मला शंभरदा सांगितलं होतंस. पण तू म्हणालास, जवळून एक गोळी, संपलं.

धुऱ्यावर तू माझ्यासमोर हात पुढे केलास. तुझा हात अजून दिसतो मला, बोटांत तेलाचा काळा डाग.

"आन इकडे. मी पाहतो."

मी म्हणालो, "परवाना माया नावाचा हाय."

मी कायद्याची पर्वा करणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. दोन वर्षं तू माझ्या हाताला नावं ठेवत होतास. बाया बघत होत्या. मला दाखवायचं होतं. तू हात मागे घेतलास, आणि एवढंच म्हणालास, "बरं. मंग जरासं वर धर."

तू काठीने ज्वारीचे धांडे, ताटं, बाजूला करत पुढे झालास, मी तुझ्या उजवीकडे. डुक्कर अर्धमेलं नव्हतं. ते ज्वारीतून सरळ तुझ्यावर आलं. माझ्यापासून आठ पावलं असेल. मला त्याची मान स्वच्छ दिसली, मी मानेवर धरलं आणि झाडली. ते थांबलं नाही. दुसरी झाडायला गेलो तेव्हा तू आणि ते एकाच जागी होतात.

मांडी फाटली होती. बायांनी लुगड्याच्या पट्ट्या फाडून बांधल्या, बंडी आणली. मी तुझं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. तू दोनदा पाणी मागितलंस. राळेगावच्या अलीकडे तुझे डोळे उघडे होते पण तू बघत नव्हतास. डुक्कर संध्याकाळी नाल्यात मरून पडलेलं सापडलं, जुन्या भाल्याच्या जखमेनं. त्याच्या अंगावर माझ्या गोळीचं छिद्र नव्हतं.

पंचनाम्यात लिहिलं, रानडुकराच्या हल्ल्यात मृत्यू. लोकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, हिरासिंगनं निदान गोळी तरी झाडली, पळून नाही गेला. मी ते ऐकून घेतलं. आणि जो भेटेल त्याला नागपूरच्या चोराबद्दल सांगितलं: हलकी काडतुसं दिली, गोळी खाली गेली, माझा दोस्त गेला. सगळ्यांनी माना हलवल्या. चार दिवस मी ते सांगत होतो आणि चारही दिवस मला ते पटत होतं.

पाचव्या दिवशी खुरपं घेऊन तुझ्या शेतात गेलो. आधी गोळी कुठं पडली ते पाहायचं असतं. मी उभा होतो ती जागा मोडलेल्या धांड्यांवरून सापडली. डुकराच्या खुरांनी उखडलेली माती सुकून तशीच होती. गोळी त्या खुरांच्या एक हात अलीकडे काळ्या मातीत घुसलेली मिळाली. म्हणजे जनावराच्या पायांपर्यंतही ती पोचली नव्हती.

मी तिथेच बसून हिशोब केला. हा हिशोब मला येतो, लहानपणापासून तेच करत आलो. वीस पावलांवर चार बोटं, तर आठ पावलांवर दीड बोट. डुकराची मान वीतभर रुंद असते. दीड बोट खाली गेली असती तरी मानेतच लागली असती. माशीला कानस लावली असती तर दीड बोट वर आली असती, तरीही ती जमिनीतच गेली असती. दुकानदाराचं खोटं तिथे दीड बोटाचं होतं. बाकी जे हात-दीड हात होतं ते माझ्या पंजाचं. बाजारात आवळतो तसा आवळला मी तो.

मी सरळ गिरजावहिनीकडे गेलो. तुझी बायको अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं: नवा पैसा, सोडलेला सराव, धुऱ्यावर तू पुढे केलेला हात, खुरप्याने काढलेली गोळी. तिने सूप थांबवलं नाही. म्हणाली, "भाऊजी, हे मले कायले सांगून राह्यले? त्याहिले सांगा." मग सुपातला कोंडा फुंकून, "अन् त्या नागपूरवाल्याले कोन इचारन? का तुम्ही कबूल केलं म्हनून तो सुटला?"

म्हणून तुला सांगितलं, मारोती. तू असतास तर म्हणाला असतास, बरं, आता उद्यापासून पन्नास वेळा. तेवढ्यावर सोडून दिलं असतंस. मला तसं सोडून देणारं आता कुणी नाही. हत्यार मी ठाण्यात जमा केलं आहे.

आणि त्या दुकानदाराला माझं सांगणं आहे. हे छापून आलं की एक प्रत मी स्वतः त्याच्या टेबलावर ठेवणार आहे. मला हत्यार बदलून नको. त्याने राळेगावला यावं. गिरजावहिनीच्या अंगणात उभं राहावं, आणि हलकं काडतूस हातात देताना छातीवर हात ठेवून फौजेत हेच चालतं असं मला का सांगितलं, ते तिच्या तोंडावर सांगावं. माझ्या वाट्याचं मी तिथे उभं राहून बोललो आहे. त्याच्या वाट्याला दीड बोट येतं. तेवढ्याचं उत्तर त्याने द्यावं.